चार जणांत एक टेकडी

नागपुरात टेकडीवर धावायला जातो म्हटलं की पुण्या-साताऱ्याकडचे लोक गालातल्या गालात हसतात. त्यांचं फारसं चुकत नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर पसरलेलं हे शहर. इथे घाट नाही, सुळका नाही, सोंड नाही. सीताबर्डीची टेकडी आहे, पण तिच्यावर किल्ला आहे आणि किल्ला लष्कराच्या ताब्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट असे मोजके दिवस सोडले तर आपण पायथ्याच्या टेकडी गणपतीला हात जोडायचे आणि परत फिरायचं. मग उरते सेमिनरी हिल्स. सेंट चार्ल्स सेमिनरीवरून नाव पडलेली, एका अंगाला फुटाळा तलाव असलेली, झाडीतली बुटकी टेकडी. नागपूरच्या धावणाऱ्यांचा हिमालय म्हणजे हाच.

बुटक्या टेकडीवर उंची साठवायची असेल तर ती पुन्हा पुन्हा चढावी लागते, आणि एकट्याने तीच ती टेकडी चढणं हा शुद्ध कंटाळा आहे. यावरचा आमच्या क्लबातला उपाय म्हणजे रिले. ना प्रवेश फी, ना छातीवर नंबर, ना पदक. चार-चार जणांचे गट पाडायचे. गटातला एक जण चढाचा टप्पा धावत वर जातो, वळण घेऊन खाली येतो आणि अंगावरचा दुपट्टा पुढच्याच्या हातात देतो. उन्हाळ्यात नागपूरकर तोंडाला गुंडाळतात तोच हा सुती दुपट्टा, इथे खांद्यावरून तिरपा घेऊन कमरेशी गाठ मारलेला. कठड्यावर बसलेले एक काकाजी मोबाइलवर वेळ बघतात आणि फेऱ्या वहीत लिहितात. तिसऱ्या-चौथ्या बदलीपर्यंत दुपट्टा घामाने जड होतो, गाठ आवळते, धापा टाकणाऱ्याच्या बोटांना ती सुटत नाही, आणि मागून कोणीतरी ओरडतं, ‘‘अबे, दुपट्टा तर सोड आधी!’’

आता हिशेब करू. चढ ३०० मीटर लांबीचा आणि उंची ३० मीटर, म्हणजे दहा टक्के चढ, असं धरा. चौघांनी प्रत्येकी पाच फेऱ्या मारल्या तर वीस फेऱ्यांत गटाची ६०० मीटर उंची चढून होते. आतकरवाडीतून सिंहगड चढताना साधारण एवढाच चढ लागतो. पुणेकरांना सांगायला हरकत नाही.

पण एवढीशी टेकडी दम का काढते? ऊर्जेचा आकडा पाहिला तर हसू येईल. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी डोंगरात धावणाऱ्या खेळाडूंना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावायला लावलं आणि त्यांच्या श्वासावरून ऊर्जेचा खर्च मोजला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांनुसार सपाटीवर धावताना वजनाच्या दर किलोमागे दर मीटरला साधारण साडेतीन ज्यूल खर्च होतात. दहा टक्क्यांच्या चढावर हाच खर्च सहाच्या आसपास जातो. ६० किलोच्या माणसाला आपला ३०० मीटरचा चढ चढायला यानुसार सुमारे १०८ किलोज्यूल, म्हणजे २६ किलोकॅलरी लागतील. एका ग्लुकोज बिस्किटात जेवढी ऊर्जा असते, तेवढीच.

गोम अशी आहे की हे बिस्किट दोन मिनिटांत जाळायचं असतं. तासाला नऊ किलोमीटरचा वेग, सकाळी गप्पा मारत धावणाऱ्यांचा असतो तसा, सपाटीवर ठेवला तर शरीराला किलोमागे मिनिटाला पंचवीसेक मिलिलिटर प्राणवायू पुरतो. तोच वेग दहा टक्क्यांच्या चढावर धरला की मागणी ४३ मिलिलिटरवर जाते. नियमित धावणाऱ्या चाळिशीतल्या हौशी माणसाचं हृदय आणि फुप्फुसं पूर्ण ताकद लावून जेवढा प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवू शकतात, त्या कमाल मर्यादेलाच हा आकडा जाऊन भिडतो. चालीत काहीही बदल न करता, फक्त जमीन तिरकी झाली म्हणून, गप्पांच्या वेगाची शर्यत होते. म्हणूनच चढावर घड्याळातला वेग बघू नये, श्वास बघावा. चढ फारच तीव्र झाला तर सरळ मांड्यांवर हात ठेवून चालावं. सुमारे पंधरा अंशांपलीकडच्या चढावर, तेवढ्याच वेळात तेवढीच उंची गाठायची असेल तर, धावण्यापेक्षा चालणंच स्वस्त पडतं. डोंगरी शर्यती जिंकणारेही चालतात. लाज वाटायचं कारण नाही.

आणखी एक अडचण म्हणजे शरीराचा उशीर. चढ सुरू होताच स्नायूंची मागणी एकदम वाढते, पण प्राणवायूचा पुरवठा तिला गाठायला दोन-तीन मिनिटं घेतो. मधल्या काळात स्नायू स्वतःजवळची शिल्लक वापरतात: आधी क्रिएटिन फॉस्फेटची, मग प्राणवायूविना जळणाऱ्या साखरेची. म्हणजे आपला दोन मिनिटांचा चढ जवळजवळ पूर्णपणे या उधारीच्या काळातच संपतो. वर पोचल्यावर, थांबल्यावरही, छाती धपापत राहते ती ही उधारी फेडायला. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा अर्ध्या मिनिटात निम्मा आणि तीन ते पाच मिनिटांत बहुतेक पूर्ण भरून येतो. आपल्या पाळीची वाट पाहत काकाजींच्या शेजारी उभं राहिलेल्या माणसाच्या मांडीत नेमकं हेच चाललेलं असतं.

इथे रिलेचं खरं मर्म आहे. पाहणाऱ्याला वाटतं की चौघांनी श्रम वाटून घेतले. वाटली जाते ती विश्रांती. एकट्याने टेकडीच्या फेऱ्या मारताना माणूस विश्रांतीत दोनच चुका करतो: हिरिरीने ती घेतच नाही, नाहीतर बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने ती लांबवत नेतो. रिलेत विश्रांतीची लांबी आपल्या हातात नसते. साथीदार खाली आला की निघायचं, आणि तो येईपर्यंत निघायचं नाही.

हेच जर्मनीत १९३० च्या दशकात शास्त्र म्हणून मांडलं गेलं. प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी खेळाडूंना थोडं अंतर जोरात धावायला लावलं, मग नाडी १८० वरून १२० च्या आसपास उतरेपर्यंत थांबवलं आणि पुन्हा पळवलं. हृदय मजबूत होतं ते धावण्याइतकंच त्या मधल्या थांब्यातही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला, आणि ‘इंटरव्हल’ हा शब्द धावण्याच्या जगात कायमचा रुजला. सेमिनरी हिल्सवरची रिले म्हणजे शिट्टी आणि प्रशिक्षक नसलेलं इंटरव्हलच.

मग गटात किती जण हवेत? फेरीला वर-खाली मिळून साडेतीन मिनिटं धरली तर तिघांच्या गटात प्रत्येकाला सात मिनिटं विश्रांती मिळते, चौघांच्या गटात साडेदहा. सात मिनिटांत उधारी फिटते आणि अंग गरम राहतं. साडेदहा मिनिटांत, विशेषतः डिसेंबरच्या नागपुरी पहाटे, घाम अंगावरच गार होतो आणि पुढची फेरी आखडलेल्या पोटऱ्यांनी सुरू होते. सरावाच्या दृष्टीने माझं मत तिघांच्या बाजूचं आहे. तरी गट चौघांचे करावे लागतात, कारण रविवारी पहाटे साडेपाचला दर चार जणांतल्या एकाचा अलार्म वाजलेला नसतो.

हातातून हातात जाणाऱ्या या धावण्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे. १३३३ मध्ये भारतात आलेल्या इब्न बतूताने महंमद तुघलकाच्या पायी टपालाचं वर्णन केलं आहे. मैलाला तीन चौक्या. प्रत्येक चौकीवर माणसं कमर कसून बसलेली. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटांचा नाद ऐकू आला की पुढचा उठून तयार होई, आणि पत्र क्षणभरही न थांबता पुढे जाई. हे टपाल घोड्यांच्या टपालापेक्षा वेगवान होतं, असं तो लिहितो. सुलतान दौलताबादेस असताना चाळीस दिवसांच्या वाटेवरून त्याच्या पिण्याचं गंगाजलही असंच माणसांच्या पायांनी देवगिरीच्या डोंगरापाशी पोचे. तहान सुलतानाची आणि धावपळ इतरांची, हा भाग सोडला तरी रचना पाहण्यासारखी आहे. टप्पा इतका छोटा की धावणारा दमायच्या आत संपतो, आणि पुढचा माणूस कायम ताजा.

त्या घंटांचं काम आज मैदानावर पांढऱ्या रेघा करतात. ४×१०० मीटर रिलेत बॅटन बदलायला ३० मीटरचा पट्टा असतो. त्यात पुढचा धावपटू मागचा पोचण्याआधीच सुटतो आणि बॅटन हातात पडते तेव्हा तो वेगात असतो. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जमैकाने ही रिले ३६.८४ सेकंदांत जिंकली, म्हणजे माणशी सरासरी ९.२१ सेकंद. १०० मीटरचा उसेन बोल्टचा विश्वविक्रम ९.५८ चा आहे. मधला फरक मुख्यतः धावत्या सुरुवातीचा. चढावर मात्र ही कला निरुपयोगी आहे. तिथला वेग मुळातच इतका कमी की तो चार पावलांत गाठता येतो, त्यामुळे बदलीत एखादा सेकंद गेला तरी काही बिघडत नाही. टेकडीच्या रिलेत दुपट्ट्याची गाठ परवडते ती त्यामुळेच.

अंगावरचं कापड पुढे देण्याची पद्धत जपानमध्ये तर राष्ट्रीय भावनेचा विषय आहे. ‘एकिदेन’ नावाच्या लांब पल्ल्याच्या रिलेत बॅटनऐवजी ‘तासुकी’ हा तिरपा पट्टा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. पहिली एकिदेन १९१७ मध्ये क्योतो ते तोक्यो अशी सुमारे ५०८ किलोमीटर धावली गेली. १९२० पासून हाकोने एकिदेन सुरू झाली. दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला विद्यापीठांचे संघ तोक्योहून हाकोनेच्या डोंगरात जाऊन परत येतात, दहा धावपटूंत मिळून २१७ किलोमीटर. त्यातला पाचवा टप्पा सगळ्यांत गाजलेला. वीस किलोमीटरहून थोडं जास्त अंतर, आणि समुद्राजवळून निघून रस्ता साडेआठशे मीटरच्या वर चढतो. हा टप्पा गाजवणाऱ्याला तिथले लोक ‘डोंगराचा देव’ म्हणतात. नियम कठोर आहे. संघ ठरावीक वेळेपेक्षा मागे पडला तर पुढच्या धावपटूला साथीदाराची वाट न पाहता वेगळा पट्टा घालून सोडतात. आपल्या विद्यापीठाचा पट्टा खांद्यावर घेऊन येणारा मुलगा समोर दिसत असतो, आणि तो घ्यायला तिथे कोणी उरलेलं नसतं. टीव्हीवर हे पाहणारी माणसं रडतात.

आपल्याकडे पट्ट्याच्या जागी ज्योत आहे, आणि तिला कुठल्याही क्रीडा संघटनेची मान्यता लागत नाही. शिवजयंतीला, कोणी १९ फेब्रुवारीची धरतो तर कोणी फाल्गुन वद्य तृतीयेची, गावोगावची मंडळं शिवनेरी, रायगड, सिंहगड, पन्हाळा अशा गडांवर जातात, तिथे मशाल पेटवतात आणि ती धावत गावाकडे आणतात. नवरात्रात हेच तुळजापूर, सप्तशृंगगड, माहूर इथून होतं. आपल्या विदर्भातल्या गावांना माहूरगडाची रेणुका जवळची. पुढे-मागे टेम्पो, टेम्पोत पाण्याचे कॅन आणि तेलाचा डबा, आणि रस्त्यावर एक पोरगा ज्योत घेऊन, पुष्कळदा अनवाणी. तो दमला की टेम्पोतून दुसरा उडी मारतो. पाणी पिऊन पहिला टेम्पोत चढतो आणि तासाभराने पुन्हा उतरतो. महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी डोंगरी रिले हीच असावी, फक्त तिचे निकाल कुठे लागत नाहीत. धावण्याच्या दृष्टीने या रिलेत एक उलटी गोष्ट आहे: डोंगर सुरुवातीला येतो आणि तोही उताराचा. गडाच्या पायऱ्या ताज्या पायांनी, घोषणांच्या जोशात उतरल्या जातात आणि मांड्यांची वाट तिथेच लागते. त्याचं कारण पुढे येईलच. रात्रीच्या महामार्गावर ट्रकच्या दिव्यांत ही पोरं धावतात तेव्हा मात्र टेम्पोच्या मागच्या बाजूला चमकत्या पट्ट्या लावणारं मंडळ मला जास्त भक्तिमान वाटतं.

मराठी माणसांनी विश्रांती वाटून घेतल्याचं एक मोठं उदाहरण सायकलवरचं आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, मध्ये रॉकी पर्वत, आणि गटांना नऊ दिवसांची मुदत. ती त्यांनी पाळली. एक सायकलवर असताना दुसरा गाडीत झोपणार किंवा खाणार, असंच हे चक्र दिवसरात्र चालतं. इथेही गाडी अडते ती पायांपेक्षा झोपेवर.

गटात धावल्याने माणूस जास्त जोर लावतो की कमी, हा मानसशास्त्रातला जुना वाद आहे. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान याने माणसांना दोर ओढायला लावला तेव्हा आढळलं की माणसं वाढतात तसा प्रत्येकाचा जोर घटत जातो. आठ जण मिळून आठ एकट्यांच्या निम्म्यानेच ओढतात. आठांच्या दोरात कोण ढिला पडला ते कळत नाही. उलट १९२० च्या दशकात बर्लिनच्या वल्हेकरी क्लबातल्या खेळाडूंवर प्रयोग करणाऱ्या ओटो कोलर याला दिसलं की दोघांनी मिळून वजन उचलायचं असेल आणि एकाने सोडलं की सगळंच संपणार असेल, तर दुबळा गडी एकट्याने टिकला असता त्यापेक्षा जास्त टिकतो. दोघांच्या ताकदीत फरक मध्यम असावा लागतो. फारच मोठा असला तर दुबळा आधीच हात टेकतो.

रिले दुसऱ्या जातीची. टेकडीवर एका वेळी एकच जण असतो आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर; ढिलाई लपत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञांनी २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधल्या जलतरणपटूंच्या वेळा तपासल्या. रिलेतला पहिला पोहणारा एकेरी शर्यतीइतकाच वेगाने पोहतो, पण नंतरच्या क्रमांकांवरचे पोहणारे एकेरीपेक्षा सरस ठरतात, असं त्यांना आढळलं. आपल्यानंतर चूक भरून काढायला कमी माणसं उरलीत, याची जाणीव जितकी जास्त तितका जोर जास्त. यावरून क्रम लावायचा तर स्वतःहून नेटाने धावणाऱ्याला पहिलं ठेवावं आणि ज्याला धक्का लागतो त्याला शेवटी. आमच्याकडे नेमकं उलट होतं: सगळ्यांत वेगवान गडी शेवटी, कारण त्याला तसं आवडतं. आणि गट पाडताना वेगवान चौघांनी एकत्र येऊ नये, पण एका वाऱ्याला तीन नवख्यांबरोबरही जुंपू नये. कोलरचा मध्यम फरक लक्षात ठेवावा.

आता उताराकडे. मिनेत्तींच्या मोजमापांत दहा टक्के उतरताना सपाटीच्या साठेक टक्केच ऊर्जा लागते आणि वीस टक्क्यांच्या उतारावर ती निम्म्यावर येते. उतार याहून तीव्र झाला की खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण मग सगळा वेळ ब्रेक लावण्यात जातो. चढ-उतार मिळून हिशेब केला तरी सपाटीपेक्षा जास्तच भरतो. चढताना मोजलेलं उतरताना पूर्ण परत मिळत नाही. पण उताराची खरी किंमत ऊर्जेत नसतेच. पाऊल पडताना गुडघा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू आखडता आखडताच ताणला जातो. अशा ताणात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. रविवारी मजेत उतरलेला माणूस मंगळवारी ऑफिसच्या जिन्यावरून कठडा धरून खाली येतो तो यामुळे. दिलासा एवढाच की एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढं दुखत नाही.

सेमिनरी हिल्सवर उताराला मुरमाचीही साथ आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्व कड नागपूरजवळ संपते. सीताबर्डी आणि सेमिनरी हिल्स या कडेवरच्या बेसाल्टच्या टेकड्या, तर तिकडे रामटेकचा डोंगर त्याहून कितीतरी जुन्या, रूपांतरित खडकांचा. बेसाल्ट कुजून झालेला सुटा मुरूम कोरड्या दिवसांत पायाखालून घरंगळतो. त्यावर टाच रोवून ब्रेक मारला की माणूस बसलाच समजा. पावलं छोटी आणि भराभर टाकावीत, अंग मागे झुकवू नये, नजर चार-पाच पावलं पुढे असावी. रामटेकच्या पायऱ्यांवर मुरूम नाही, पण पायरीवरून उडी मारत उतरण्याचा मोह तिथे जास्त, आणि मांडीला सगळ्यांत महाग तोच पडतो.

सपाट शहरातल्या धावणाऱ्याची दुखरी जागाही हीच. नागपूरचे पुष्कळ जण २०१२ पासून होत असलेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जायची उमेद धरतात. तिथे यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला चढायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. सगळे तयारी करतात चढाची, कारण दम चढावर लागतो. हात टेकतात ते उतारावर, शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये, कारण इतका वेळ ब्रेक लावायची मांडीला सवयच नसते.

म्हणून रिलेतली बदली कुठे ठेवायची, यावर आमच्याकडे दर हिवाळ्यात वाद होतो. एक पक्ष म्हणतो, वर ठेवा: एकाने चढायचं, दुपट्टा द्यायचा आणि आरामात चालत खाली यायचं. यात चढ जोरात होतो, गुडघे वाचतात, मात्र पुढच्याला आधीच वर जाऊन उभं राहावं लागतं. दुसरा पक्ष म्हणतो, बदली खालीच ठेवा, उतारही धावूनच उतरा. पाच-दहा किलोमीटरच्या सपाट शर्यतीसाठी फुप्फुसं तयार करायची असतील तर पहिला पक्ष बरोबर आहे. साताऱ्याचं तिकीट काढलेलं असेल तर दुसरा, पण पहिल्या रविवारी दोनच फेऱ्या उतरून धावा, पुढच्या रविवारी तीन, आणि शर्यतीच्या आधीचे दहा-बारा दिवस उतार बंद. हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकायचं. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदवलेल्या शहरात मे महिन्यात कोणी टेकडीची रिले ठेवली, तर वही घेऊन बसायलाही काकाजी यायचे नाहीत.